विचारपूस

रविवार, २ मार्च २०२५

आजपासून दैनंदिनी. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की गोविंदा रामटेकेला पंचावन्नाव्या वर्षीच म्हातारचळ लागला.

काल संध्याकाळी विहारामागच्या वाचनालयात मोबाईलवर फिरणारी एक यादी कोणीतरी मोठ्याने वाचली. जगातली उर्मट शहरं. सगळी परदेशातली. मी म्हटलं, यादी अपुरी आहे. ज्याने केली तो पुण्यात कधी उतरलेला दिसत नाही. सगळे हसले. मी हसवायला बोललो नव्हतो. मी म्हटलं, पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवतो. तेव्हा सचिव म्हणाले, मग व्याख्यानच द्या, २० एप्रिलचा रविवार रिकामा आहे. मी हो म्हटलं. विषय: ‘शहरांचा उर्मटपणा: एक तपासणी’. ‘एक अभ्यास’ असं त्यांनी सुचवलं होतं. अभ्यास कोणीही करतो. तपासणीला पुरावा लागतो.

मी दहावीनंतर शाळेची पायरी चढलो नाही. इंग्रजी शब्दकोशातून शिकलो. देवनागरीची वळणं जुन्या छापील पुस्तकांवर पातळ कागद ठेवून गिरवली. नागपूरच्या इतवारीत, भांड्यांच्या बाजारात म्हणजे भांडे ओळीत, नावं टाकायचं माझं दुकान आहे. लग्नाची, बारशाची, वास्तूची भांडी लोक आणतात, मी मशीनने त्यावर नावं कोरतो. ‘हे गोविंदाचं अक्षर’ असं लोक ताट उलटं करून सांगतात. तेव्हा कोणी सांगितलं म्हणून मी गोष्ट खरी धरत नाही. तपासतो.

दुसरं कारण दीप्तीचं. माझी एकुलती एक मुलगी. पुण्यात विमा कंपनीत आहे, जावई प्रशिकही तिथेच. ती गरोदर आहे, मे अखेरची तारीख आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. म्हणून मागची खोली रंगवायला काढली आहे. फिक्का पिवळा रंग निवडला. दुकानदार त्याला लिंबू म्हणाला. लिंबू नव्हता तो, हळद घातलेल्या दुधाचा होता.

एक नोंद: ही बातमी तिने आम्हाला पाचवा महिना लागल्यावर सांगितली. सख्ख्या आईबापांना! पूर्वी अशी नव्हती. पुण्याची हवा. हेही पुराव्यात धरावं का, विचार चालू आहे.

गुरुवार, ६ मार्च

आज आयता पुरावा चालून आला. गिऱ्हाईक पुण्याचं, भावाकडे आलेलं. पन्नाशीचा माणूस, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. सहा वाट्या. नाव टाकायचं, ‘शैलजा यांस’. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाकडलं लग्न? म्हणाला, लग्न नाही. मी विचारलं, मग एकसष्टी? की वास्तू? की रिटायर झाल्या? तो म्हणाला, “अहो, तुम्हाला काय करायचंय? नाव टाका.”

टिपण क्रमांक एक. शब्दशः.

शेजारी दुर्गेशचं दुकान आहे. पितळी समया आणि घंटा विकतो, जीभही तशीच, टोला न देता वाजते. तो आपल्या गादीवरून ओरडला, “गोविंदाभाऊ, चोरून देऊन राहिला असन ना गा! घरच्या बाईचं नाव दुसरं असन!”

गिऱ्हाईकाने ऐकलं. पैसे ठेवले, वाट्या उचलल्या, एक शब्द न बोलता गेला. टिपण क्रमांक दोन.

नाव टाकताना विचारपूस करायची ही आमच्या ओळीची रीत आहे. नुसतं अक्षर तर यंत्रही टाकतं. माणूस विचारतो, कोणाचं आहे, कशासाठी आहे, सगळे बरे आहेत ना. यात चिडण्यासारखं काय आहे, हे व्याख्यानात मी श्रोत्यांना विचारणार.

रविवार, ९ मार्च

दीप्तीचा फोन आला. स्पीकरवर होता, बायको पंचशीला पोळ्या लाटत होती. दीप्ती म्हणाली, “बाबा, बाळंतपण मी इथंच करणार आहे. डॉक्टर इथली आहे, प्रशिक इथं आहे. आईने मेच्या मध्यावर यावं. तुम्ही बाळ झाल्यावर या. कधी ते मी कळवीन.”

मी म्हटलं, “रिवाज काय हाये, माहीत हाये ना तुले?”

“माहीत आहे.”

“मंग काहून?”

ती म्हणाली, “मला तिथं नाही यायचं, बाबा. एवढंच.”

एवढंच! बापाच्या घराला ‘तिथं’ म्हणाली. पंचशीलाने पिठाच्या हातानेच फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि आत गेली. आत काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. फोनला पीठ लागलं होतं, ते मी पुसलं.

मी कारण शोधून पाहिलं. सापडत नाही. उलट पुरावा सगळा आमच्या बाजूने आहे. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास तिला पहिल्यांदा दिवस राहिले, तेव्हा तिने दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं. मी त्याच संध्याकाळी गल्लीत घरोघर पेढे दिले, दुसऱ्या दिवशी भांडे ओळीत. पुढे ते मूल राहिलं नाही. पण त्या वेळी ही गल्ली काय धावून आली! दीप्ती विश्रांतीला इथे आली होती, तर एक घर असं नव्हतं की ज्यातून बाई आली नाही. शेजारच्या सिंधूताई तर सकाळ-संध्याकाळ येऊन तिचे पाय चेपून देत. बसायला खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी मंडपवाल्याकडून आणल्या. पुण्यात शेजारचा मेला तरी वास येईपर्यंत कळत नाही म्हणतात. आणि एवढी माया असताना पंधरा दिवसांची रजा काढून आलेली पोरगी चौथ्या दिवशी परत गेली. ऑफिसचं काम आहे म्हणाली. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं.

सोमवार, १० मार्च

रंगारी आला होता. परत पाठवला. मागच्या खोलीच्या दोन भिंती पिवळ्या, दोन जुन्या.

रविवार, २३ मार्च

पंचशीलाने आठवडाभर फोन करून दीप्तीला सातव्या महिन्याच्या कार्यक्रमाला यायला राजी केलं. दोनच दिवसांसाठी. काल विमानाने आली. चेहरा भरला आहे, पायांना थोडी सूज. मी विमानतळावर विचारलं, सूज कधीपासून, रक्तदाब किती, लोह किती, तर म्हणाली, “सगळं ठीक आहे, बाबा.” आकडे नाहीत.

आज कार्यक्रम झाला. वंदना झाली, ओटी भरली, पुरणपोळी आणि वड्याभाताचं जेवण झालं. गल्ली झाडून सगळी आली. मला फार बरं वाटलं. कोणाला तिची आठवण नाही असं एकही माणूस नव्हतं. प्रत्येक बाई तिच्याजवळ बसून विचारत होती, “आता बरं हाये ना वं? मांगच्या वेळी लय वाईट झालं.” कोणी सांगत होतं, “या वेळी जिना चढू नको, मांगं त्यानंच झालं असन.” दीप्ती प्रत्येकीला तेच सांगत होती, बरं आहे, काळजी घेते. मधेच उठून मागच्या खोलीत गेली आणि कुलर पूर्ण जोरात लावून बसली. उकडत असेल. मार्चमध्येच इतकं तापलं आहे.

पंचशीला तिला बाहेर घेऊन आली तेव्हा सिंधूताई आल्या. सिंधूताई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात, दीप्तीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं आहे. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि विचारलं, “माय, मांगच्या वेळी पोट्टा होता का पोट्टी? काही समजलं होतं का तुले?”

दीप्ती म्हणाली, “मावशी, तो विषय नको.”

एवढ्या बायकांत. सिंधूताईंचा हात तसाच हवेत राहिला. त्या म्हणाल्या, “मी परकी हावो का वं?” आणि न जेवता उठून गेल्या.

मी दीप्तीला आत बोलावून सांगितलं की हे बरोबर झालं नाही. पुण्याच्या ऑफिसात चालत असेल, इथे म्हाताऱ्या माणसाशी असं बोलत नाहीत. जाऊन माफी माग. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. पदर सावरला, सिंधूताईंच्या घरी गेली, माफी मागून आली. सिंधूताईंनी तिला पोटाशी धरलं म्हणे. म्हणजे माझं बरोबरच होतं.

‘तो विषय नको.’ टिपण क्रमांक नऊ. आपलीच मुलगी म्हणून गाळलं तर तपासणी पक्षपाती होईल.

मंगळवार, २५ मार्च

दीप्ती काल पहाटेच्या विमानाने गेली. मला उठवलं नाही. पंचशीलाने सोडलं.

पंचशीला दोन दिवस बोलली नाही. आज जेवताना मीच म्हटलं, “काय चुकलं ते सांग. न सांगता मले कसं कळन?”

ती म्हणाली, “मांगच्या वर्षी तुमी पेढे वाटले.”

“आनंद होता म्हणून वाटले.”

“हो. अन् मंग तिनं एकेकाले सांगतलं. राहिलं नाई म्हणून. पहिलेपासून, दरवेळी. फोनवर बी, घरी बी. भाजीवालीले बी तिनंच सांगतलं, काहून का भाजीवालीलेही तुमी पेढा देला होता.”

“लोकं मायेनं विचारत होते.”

“मी कुठं म्हणून राहिली मायेनं नाई म्हणून?” असं म्हणून ती ताट घेऊन उठली.

मी हे जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. यातून निष्कर्ष काय काढायचा ते अजून ठरलं नाही. माया असेल तर त्रास कसा, आणि त्रास असेल तर ती माया कशी? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही असं मला वाटतं. पुन्हा वाचून पाहीन.

शनिवार, १२ एप्रिल

आजचं लिहावं की नाही, दुकानातून घरी येईपर्यंत ठरत नव्हतं.

जयंती दोन दिवसांवर, ओळीत गर्दी. दुपारी एक बाई आल्या. तिशीच्या आतल्या, साधा पंजाबी ड्रेस. पिशवीतून बाळाची ताटली, वाटी आणि चमचा काढला. त्यावर माझंच अक्षर. ‘चि. अन्वय’. न्व ची वळणं पाहूनच ओळखलं, दोन-तीन महिन्यांमागचं काम असावं.

म्हणाल्या, “हे नाव काढून मिळेल का?”

मी म्हटलं, “मिळन ना. पण त्या जागेवर झाक वेगळी पडते. नाव बदललं का बाळाचं? काहून? चांगलं तं नाव हाये.”

“फक्त काढून द्या.”

“अक्षर तं चुकलं नाई. मी दोनदा तपासतो.”

दुर्गेश तिकडून म्हणाला, “पत्रिकेत दुसरं अक्षर निघालं असन, नाई का ताई?”

मी विचारलं, “किती महिन्यांचा झाला?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. “गेला तो.”

मग आमच्या ओळीत जे होतं ते झालं. दुर्गेश गादीवरून उतरला. चहावाला ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. समोरच्या पातेलेवाल्याची आई आली, तिने त्या बाईंचा हात धरला. “कसं झालं वं माय? ताप होता का? दवाखाना कोणता? घरी आणखी कोणी लहान हाये का?” कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी आणलं. दुर्गेशच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं, मी जवळून पाहिलं. तिथे उभा असलेला एकही माणूस वाईट नव्हता.

त्या बाई एकेकाला उत्तर देत होत्या. हो, ताप. नाही, डॉक्टरांनी केलं सगळं. हो, पहिलाच. पातेलेवाल्याची आई म्हणाली, “लहान हायेस अजून, होईन दुसरं.” त्या म्हणाल्या, “हो.” पातेलेवाल्याने विचारलं, “ताई, झालं काय?” तो उशिरा आला होता. त्यालाही त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. त्याच आवाजात, त्याच शब्दांत.

मग एकदम उठल्या आणि गर्दीतून निघून गेल्या. भांडी माझ्या गादीवरच राहिली.

नाव मी स्वतः घासलं. पॉलिशवाल्याकडे दिलं नाही. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग बफचं मऊ चाक. चि. आधी गेलं. न्व शेवटपर्यंत दिसत होता. दुर्गेश मधेच म्हणाला, “का बोलून नाई राहिला गा?” मी मान हलवली.

शुक्रवार, १८ एप्रिल

त्या बाई आल्या नाहीत. भांडी कापडात गुंडाळून आतल्या फळीवर ठेवली आहेत.

व्याख्यान परवा. टिपणं एकत्र काढून बसलो. चौदा झाली आहेत. ‘तुम्हाला काय करायचंय’. ‘ते माझं मी बघतो’. ‘तो विषय नको’. सगळी शब्दशः, तारखेसह, कोण बोललं त्याचं वर्णन. काम स्वच्छ आहे. दोनदा वाचलं. मग लक्षात आलं की त्याआधी प्रश्न काय विचारला होता, हे एकाही टिपणात लिहिलेलं नाही. आठवून लिहायला घेतलं. बहुतेक ठिकाणी विचारणारा मीच.

उत्तर नोंदवायचं आणि प्रश्न सोडायचा, ही अर्धी नोंद झाली. अर्ध्या नोंदीवर मी उभा राहत नाही. सचिवांना कळवलं की पुरावा अपुरा आहे, व्याख्यान तूर्त रद्द. ते म्हणाले, “काहून गा? तब्येत बरी नाई का? का पोरीकडलं काही हाये?” मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, “पुरावा अपुरा हाये.” ही उणीव दुसऱ्या कोणी दाखवायच्या आधी मला दिसली, हे बरं झालं.

रविवार, २७ एप्रिल

दीप्तीला मी होऊन फोन केला. मार्चनंतर पहिल्यांदा. आधी ठरवलं होतं की काही विचारायचं नाही.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी हाये. असाच लावला.”

“बोला ना.”

आणि मला बोलता येईना. प्रश्न काढून टाकले तर फोनवर माझ्याजवळ काही उरतच नाही, हे या वयात कळलं. शेवटी कुलरची गोष्ट सांगितली. वाळ्याच्या ताट्या काढल्या तर मागे चिमणीने घरटं केलेलं, म्हणून एक बाजू तशीच ठेवली आहे, त्या बाजूने गरम वारा येतो, पंचशीला रागावते. दीप्ती ऐकत होती. मधे एकदा “मग?” म्हणाली.

गोष्ट संपली. म्हणाली, “अजून काही?”

“नाई.”

“बरं.” पण तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली तेव्हा ठेवला.

सोमवार, ५ मे

भांडी न्यायला त्या बाईंचे यजमान आले. उंच माणूस, हातात हेल्मेट. “नाव निघालं का?” मी म्हटलं, “निघालं.” कापड सोडून दाखवलं. त्यांनी वाटी उजेडात धरून फिरवली.

दुर्गेश गादीवर पुढे सरकलेला दिसला. त्याचं तोंड उघडायच्या आत मी दुकानातली एक कोरी ताटली ओढली आणि तिच्यावर मशीन चालू केली. तो काय बोलला ते त्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही. यजमान गेले. मी मजुरी घेतली नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. ताटली वाया गेली. वर नुसते वेटोळे उमटले आहेत.

दुर्गेश म्हणाला, “बह्याड झाला का बे?”

रविवार, १८ मे

पंचशीला पुण्याला गेली. गल्लीने निरोप दिला. “पोट्टी इथं काहून नाई आली वं?” असं सगळ्यांनी विचारलं. पंचशीला म्हणाली, “तिथं डॉक्टर चांगले हायेत.” सिंधूताई म्हणाल्या, “अन् आपल्या नागपूरचे काय ढोराचे हायेत?” तरी आठ दिवस खपून केलेले डिंकाचे लाडू त्यांनी डब्यात भरून दिले. झाकणाला दोरा बांधला, वर गाठ मारली. आणि मला म्हणाल्या, “तू सैपाकाच्या भानगडीत पडू नको गा. ताट मी पाठवीन.”

मागची खोली पूर्ण रंगवून घेतली. कोणी येणार म्हणून नाही. दोन रंगांच्या भिंती बघवत नव्हत्या.

मंगळवार, २७ मे

सकाळी प्रशिकचा फोन. “जय भीम, बाबा. मुलगी झाली. दोघी छान आहेत.” मग दीप्तीचा आवाज आला, दमलेला.

“बाबा, एक ऐकाल? बारसं होईपर्यंत गल्लीत सांगू नका. दुकानातही नाही. मला थोडे दिवस ती फक्त आपलीच हवी आहे.” मग म्हणाली, “जमेल तुम्हाला?”

‘जमेल’ शब्दावर जोर होता.

मी म्हटलं, “जमन.”

“सिंधूमावशींनाही नाही.”

“नाई.”

ते इथे लिहितो, कारण कुठे तरी सांगायलाच पाहिजे. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. केस भरपूर, ओले असल्यासारखे दिसतात पण ओले नाहीत, तसेच आहेत. डाव्या कानाची पाळी वरून किंचित दुमडलेली, पंचशीला म्हणते मालिश करून सरळ होईल. मला ती सरळ व्हायला नको आहे. पंचशीलाने फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला, बोटं पाहिली, नखं पाहिली, पुन्हा लहान करून पाहिला.

मग दुकानात जायला निघालो. गल्ली एवढी लांब असते हे आज कळलं. पहिल्याच दारात, “काय गा गोविंदा, काही खबर?” “नाई.” पुढे, “तारीख तं आली ना?” “हो.” किराणा दुकानात, “चेहरा तं खुशीत दिसून राहिला!” “ऊन हाये.” ऊन आहे म्हणून कोणाचा चेहरा खुशीत दिसत नाही, हे मलाही माहीत आहे. तेवढंच सुचलं.

दुर्गेशने चार वेळा विचारलं. चौथ्यांदा म्हणाला, “आपण तीस वर्षं शेजारी हावो बे. मले नाई सांगणार?” मी म्हटलं, “सांगाचं असन तवा सांगीन.” त्याने समया पुसायला घेतल्या. दिवसभर एक समई पुसली.

शनिवार, ३१ मे

व्हायचं ते झालं. संध्याकाळी सगळे पाणी शिंपडून अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. मी नळाची तोटी बदलत होतो. सिंधूताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, “गोविंदा, खरं सांग. पोट्टीचं काही वाईट तं नाई झालं ना? तू असा तोंड मिटून काहून हायेस?”

त्यांना खरंच भीती वाटत होती. मागच्या वेळचं त्यांच्या मनात होतं. मला त्या क्षणी सांगून टाकावंसं वाटलं. कानाच्या पाळीपासून सगळं.

मी म्हटलं, “सगळं बरं हाये. याच्यापुढं मले विचारू नका, सिंधूताई.”

सिंधूताई उठल्या. “ऐका वं बायांनो, पुण्याले न जाताच पुणेकर झाला हा!” सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या.

मी तोटी बसवली. थोडी ठिबकते आहे.

रात्री ताट आलं. सिंधूताईंनी अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर ठेवलं, भांड्याने टकटक केलं आणि त्या गेल्या. भाकरी, वांग्याचं भरीत, भिवापुरी मिरचीचा ठेचा. नेहमी त्या भिंतीशी थांबून, मी खाल्लं की नाही ते पाहतात. आज थांबल्या नाहीत. ठेचा मात्र नेहमीपेक्षा तिखट होता.

सोमवार, २ जून

ताट येतं. बोलणं येत नाही. दुर्गेश ‘तुम्ही’ म्हणायला लागला आहे. किराणावाला सुटे पैसे न हसता देतो. उर्मट माणूस कसा जगतो, याचा पुरावा आता माझ्याजवळ घरचाच आहे. वाटलं होतं त्यापेक्षा अवघड काम आहे. जो हे करतो तो दरवेळी मजेत करत असेल, असं आता मला लिहिता येणार नाही.

मंगळवार, ३ जून

आज संध्याकाळी दीप्तीने स्वतः फोन केला. मी कुलर बंद केला, ऐकू यावं म्हणून. लगेच घाम सुटला.

“कोणाला सांगितलं, बाबा?”

“कोणालेच नाई.”

“सिंधूमावशींना?”

“त्या बोलत नाईत माझ्यासंग.”

“दुर्गेशकाका?”

“तो मले अहो-जाहो करून राहिला.”

ती हसायला लागली. टाके दुखतात म्हणून थांबली, पुन्हा हसली. मी फोन कानापासून थोडा दूर धरला, मग पुन्हा जवळ घेतला. पलीकडे बाळ घशातून काहीतरी आवाज काढत होतं.

मग दीप्ती म्हणाली, “बाबा, तुम्ही किती दिवसांत मला काहीच विचारलं नाही.”

“हो.”

“विचारा ना.”

एवढे प्रश्न साठले होते, आणि एकही पुढे येईना. शेवटी म्हटलं, “झोपते का ती?”

“कुठं झोपते!” दीप्ती म्हणाली, आणि सुरू झाली. दिवसा झोपते, रात्री टक्क जागी. प्रशिकच्या छातीवर टाकली तर गप्प, पाळण्यात टाकली की किंचाळते. आईचं जुनं लुगडं अंथरलं तर लगेच झोपली, म्हणजे नाक तिखट आहे. दूध पिताना एक डोळा उघडा ठेवते, कोणी काढून नेईल म्हणून. रक्त तपासायला टाचेला सुई लावली तेव्हा ती रडली नाही, दीप्तीच रडली. आणि मग, मी न विचारता, मागच्या वेळचंही थोडं बोलली. ते इथे लिहीत नाही.

मी अधूनमधून “मंग?” म्हणत होतो. बनियन पाठीला चिकटलं होतं.

फोन ठेवला तेव्हा अंधार पडला होता. भिंतीवर ताट केव्हाचं येऊन थांबलं होतं, वर झाकण. आणि झाकणामागे सिंधूताई. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या.

“कोण होतं गा?”

“राँग नंबर.”

“एवढा वेळ?”

“हो,” म्हटलं. “नागपूरचाच होता. सोडतच नव्हता.”